पाचव्या शीलाचा खोकला

आमच्या वस्तीत श्रावण रामटेकेच्या गिटारपेक्षा त्याचा खोकला जास्त प्रसिद्ध होता. गिटार कोणाला ऐकू यायची नाही. खोकला मंडपाबाहेर पानठेल्यावर उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जायचा. आणि तो कधीही, कुठेही येत नसे. पंचशील म्हणताना चौथं शील संपलं, की यायचा.

आमच्याकडे नामकरण असो, लग्न असो, जयंती असो, आधी सगळे उभे राहून हात जोडतात. पुढे उभा असलेला माणूस एकेक शील म्हणतो आणि मागून सगळे म्हणतात. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही आणि पाचवं, नशा करणार नाही. चंद्रपुरात आमच्या वस्तीत पुढे उभे राहायचे ते माझे बाबा, वामनराव खोब्रागडे, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. बाकी लोक डोळे मिटून शील म्हणतात. बाबा उघडे ठेवून म्हणायचे. कोण खरंच म्हणतं आणि कोण नुसतं गुणगुणतं, हे पाढे घेताना पाहावं तसं पाहायचे.

आणि पाचवं शील सगळ्यात जोरात कोण म्हणायचं? दुपारीच ठमाबाईच्या मागच्या दारातून तोंड पुसत निघालेले. ठमाबाई मोहाची दारू विकायची, हे पोलीस सोडून सगळ्यांना माहीत होतं. तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बापूराव कंत्राटदार. ते पाचवं शील असं गरजायचे की मंडपाची झालर हलावी. त्याच रांगेत श्रावण मान खाली घालून ओळ संपेपर्यंत खोकत राहायचा. पुढे 'साधु, साधु, साधु' म्हणायची वेळ आली की त्याचा गळा एकदम साफ.

एकदा बाबांनी त्याला बाजूला घेतलं. मी तिथेच सतरंजी गुंडाळत होते.

"काऊन रे श्रावण, पाचव्यालेच तुले ढास कशी लागते?"

"गुरुजी, चवथं शील काय हाय? खोटं बोलनार नाई. ते म्हनून तोंड मिटलं नाई, तं लगेच पाचवं खोटं कसा म्हनू?"

गुरुजींनाच चौथं शील शिकवणाऱ्याच्या तोंडाला मोहाचा वास येत होता. बाबा "कान उपटून ठेवीन" म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

श्रावण काही जन्मापासून खोकत नव्हता. नागपूरला कॉलेजात गेला, तिथे रेल्वे कॉलनीतल्या एका पोरानं त्याला इंग्रजी गाण्यांच्या कॅसेट ऐकवल्या आणि याचं डोकं फिरलं. केस वाढवले, नाव बदललं. श्रावणचा शॉन झाला. चौघांनी मिळून 'रेड अँट्स' नावाचा रॉक बँड काढला. गडचिरोलीकडे ज्यांची चटणी करतात, त्या लाल मुंग्या. त्यात हा बेस, म्हणजे जाड्या आवाजाची गिटार वाजवायचा. रॉक म्हणजे काय, हे त्यानं मला एकदा समजावून सांगितलं होतं. "ड्रमवाला मारते, गिटारवाला रडते, गानारा बोंबलते आन् बेसवाला घर सांभाळते."

घर सांभाळायला स्टेजवर चढायच्या आधी याचे हात थरथरायचे, म्हणून एक घोट घ्यायचा. पुढे घोट नसला की थरथरायला लागले. शेवटी एका मोठ्या कार्यक्रमात वाजवता वाजवता हा ड्रमवर जाऊन पडला आणि बँडनं दुसरा पोरगा घेतला. याचं दुःख मात्र वेगळंच. "चंदा, माया जागेवर दुसरा उभा राह्यला, तं ऐकनाऱ्यायले फरकबी नाई कळला वं." सांगताना हसायचा. मला पोटातून दया यायची.

१९८३ साली शॉन पुन्हा श्रावण होऊन चंद्रपूरला आला. सोबत गिटार, एक स्पीकर आणि पिण्याची सवय. वस्तीनं गिटार निरखून पाहिली. इतरांच्या गिटारला सहा तारा असतात, याच्या गिटारला चारच. झालं! याने दोन तारा विकून दारू प्यायली, असं ठमाबाईनंच पसरवलं, जणू त्या तिच्याच गल्ल्यात पडल्या होत्या. बेसला चारच तारा असतात, हे तो सांगून सांगून थकला. उलट पोरं म्हणायची, "चार तारा, चार शीलं. हिसाब बरोबर हाय."

वस्तीतल्या आम्ही काही जणांनी ऑर्केस्ट्रा काढला होता, त्यात त्याला घेतलं. ऑर्केस्ट्राचं नाव, नशीब पाहा, 'पंचशील'. भीमगीतं, सिनेमातली गाणी आणि मध्ये श्रावणच्या हट्टाचं एखादं इंग्रजी, ज्याच्या वेळी लोक पाणी प्यायला उठत. निवेदन माझ्याकडे, कारण माझा आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं. एसटीच्या टपावर स्पीकर बांधून आम्ही कोरपन्यापासून ब्रह्मपुरीपर्यंत हिंडायचो. कार्यक्रमाच्या आधी पंचशील, म्हणजे कार्यक्रमाच्या आधी खोकला. कोरपन्याच्या एका बाईनं तर बिचाऱ्याला ज्येष्ठमधाची कांडी आणून दिली. त्यानं ती मुकाट्यानं चघळली.

माझी मोठी बहीण सत्यशीला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर ट्रंक कॉल जोडायचे आणि जोडताना लोकांचं खोटं ऐकायचं. साहेब बाहेर गेलेत. तब्येत एकदम ठणठणीत. उद्या निघतोच. ती म्हणायची, "लाइनीवर खरं बोलनारा मानूस मले अजून भेटला नाई." मग एका जयंतीला माझ्या शेजारी उभी राहून तिनं तो खोकला ऐकला आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. मी चिमटा काढून विचारलं, काय झालं? म्हणाली, "एवढ्या मंडपात हा एकच खरं बोलून राह्यला वं." माणसं डोळ्यांवर भाळतात, चालीवर भाळतात. माझी बहीण ढासेवर भाळली.

दोघांनी लग्नाचं ठरवलं आणि ते बाबांच्या कानावर गेल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. भांडी आपटली, दारं आपटली. शेवटी बाबांनी निकाल दिला, "ज्या दिवशी तो पाचवं शील सगळ्यांसमोर न खोकता म्हनन, त्या दिवशी मी सोता त्याच्या घरी सोयरिकीले जाईन. तवरिक या घरात त्याचं नाव नाई."

आता ही अट किती सोपी पाहा. एक ओळ तर म्हणायची! आमचा ढोलकीवाला वारलू म्हणाला, "अबे, ओठ हलव नुसते. मी खोकतो तुया जागी." बापूराव कंत्राटदार म्हणाले, "मी म्हनतो ना दरवेळेस! मले काई झालं?" मीसुद्धा म्हटलं, म्हणून टाक बाबा एकदाची. श्रावणचं उत्तर ठरलेलं. "मंग सत्यशीलाले कोनत्या तोंडानं भेटू?" तिला तो खरा हवा होता, बाबांना शुद्धीवर हवा होता. दोघांना पुरेल असा मार्ग एकच होता, दारू खरंच सोडायची. आणि याला तर सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा.

वस्तीत राहून सुटणार नाही, ठमाबाईचं दार समोरच दिसतं, असं त्यानं ठरवलं. धानोऱ्याच्या पलीकडे, गडचिरोलीच्या जंगलात त्याच्या कॉलेजातल्या मित्राचं, पोचू मडावीचं गाव होतं. "तिथी दुकान नाई, ठमाबाई नाई, नुसते झाडं," असं आम्हाला ऐकवून श्रावण बसमध्ये चढला. ते ८६ साल होतं आणि महिना होता मार्च. मोह वेचायचा महिना! म्हणजे हा शहाणा दारू सोडायला नेमका तेव्हा जंगलात गेला, जेव्हा सगळ्या जंगलाला मोहाचा वास सुटलेला असतो, घराघरापुढे मोह वाळत पडलेला असतो आणि ज्या फुलांची दारू होते ती फुलं झाडावरून थेट माणसाच्या डोक्यावर पडतात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं.

पोचूच्या आईनं, सोमारीबाईनं विचारलं, काऊन आला? यानं सांगितलं. ती इतकी हसली की हातातली टोपली खाली ठेवावी लागली. मग तीच टोपली याला देऊन म्हणाली, "आला तं आला, वेच आता."

पहाटेपासून ऊन चढेस्तोवर हा मोह वेचायचा. हात असे कापायचे की वेचलेली फुलं टोपलीबाहेर पडायची. सुरुवातीला ओकाऱ्या झाल्या, अंग घामानं भिजायचं, झोप उडाली. एकदा सगळं टाकून पळूनही निघाला. फाट्यावर पोहोचला तर दिवसाची एकुलती एक बस निघून गेली होती. श्रावणला कोणी वाचवलं असेल तर पहिला मान एसटीचा.

दुसरा मान अस्वलाचा. एका सकाळी हा झाडाजवळ गेला, तर तिथे आधीच अस्वल बसलेलं. दोन्ही पंजांनी फुलं तोंडात कोंबतंय, इकडे नाही पाहत, तिकडे नाही पाहत, आणि डुलतंय. श्रावण दुसऱ्या झाडाला मिठी मारून उभा राहिला. "चंदा, तुले काय सांगू," तो मला म्हणाला, "मले वाटलं, मीच बसलो हाव ठमाबाईच्या मांगच्या आंगनात. इतकी शरम मले मायनं मारलं तवाबी नोती वाटली." मी पुढे पोचूला विचारलं. तो म्हणाला, ताज्या फुलांनी अस्वल झिंगत नाही, ते बिचारं नुसतं पोटभर खात होतं. डुलत होता तो श्रावण. असो. अस्वलानं आपलं काम केलं. मोह सरेपर्यंत श्रावण तिथे राहिला आणि परत आला तेव्हा चहाचा कप एका हातात धरून प्यायला.

वस्तीत बोभाटा झाला, श्रावण सुधारला. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. बाबांनी नवा सदरा शिवायला टाकला, म्हणजे मनातून होकार दिला होता. सत्यशीला एक्स्चेंजमध्ये चुकीचे नंबर जोडायला लागली.

आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ब्रह्मपुरीला एका लग्नात आमचा कार्यक्रम होता. दुपारचं लग्न. वराकडच्यांनी कौतुकानं कलावंतांसाठी बाटली आणली. श्रावण नाही म्हणाला. पुन्हा आग्रह झाला, पुन्हा नाही म्हणाला. मग आम्ही त्याचं ते इंग्रजी गाणं वाजवलं, आणि नवल म्हणजे कोणी पाणी प्यायला उठलं नाही. कॉलेजची पोरं नाचली, शिट्ट्या मारल्या, "ते जाड्या आवाजाची गिटार पुन्हा वाजव" म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी त्याची गिटार ऐकू आली होती! माणसं दुःखात पितात म्हणे. हा गाढव आनंदात प्याला. एकच पेला, पण प्याला. ते फक्त मी आणि वारलूनं पाहिलं.

परतताना बसमध्ये मी त्याला म्हटलं, "हे पाय, आमी दोघंबी काई बोलनार नाई. उद्या ओळ म्हनून टाक आन् परवापासून पुन्हा सोड." तो खिडकीबाहेर पाहत राहिला. मूल गावच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा म्हणाला, "भजे खातं का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडप गच्च भरला होता. बाबा नव्या सदऱ्यात. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं, चौथं. बाबांनी पाचवी ओळ म्हटली आणि सगळा मंडप श्रावणकडे असा कान लावून उभा राहिला की मागून म्हणायचं लोक विसरूनच गेले. बापूराव कंत्राटदारसुद्धा. श्रावणनं तोंड उघडलं. मी मनात म्हणत होते, म्हण रे, म्हण, एवढी एक ओळ. त्यानं सत्यशीलाकडे पाहिलं. आणि खोकला.

मंडप खदखदून हसला. "चारच तारा!" कोणीतरी ओरडलं. बाबांचा चेहरा उतरला. मला त्याचा इतका राग आला की दगड मारावासा वाटला, आणि त्याच वेळी त्याच्या पाया पडावंसंही वाटलं.

घरी आल्यावर बाबांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "जंगलात जाऊन आला! गेला तसाच आला! कोनाले बनवून राह्यला तो?"

"कोनालेच नाई बनवलं," सत्यशीला म्हणाली. ती कधी बाबांना उलटून बोलत नसे. "एक ओळ म्हनला असता, तं आज तुमी पेढे घेऊन त्याच्या घरी गेले असते, बाबा. तुमाले कळलंबी नसतं. त्याले हे माहीत होतं." मग ती थोडं थांबली. "तुमच्या खिशात काय हाय?"

बाबांच्या खिशात खर्रा होता. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटलेला. शीलाच्या आधी बाबा थुंकून यायचे आणि शील संपलं की मंडपामागे जाऊन पुन्हा तोंडात टाकायचे.

"शीलात तंबाखूचं नाव नाई," बाबा म्हणाले.

"बुद्धाच्या काळी आपल्या देशात तंबाखूच नोता, म्हनून नाई." गुरुजींचीच पोरगी, इतिहास पक्का.

बाबा ओसरीवर जाऊन बसले. सकाळी उठून खरंच श्रावणच्या घरी गेले. सोयरीक जुळवायला नाही, पैज लावायला. "तू दारू सोड, मी खर्रा सोडतो. पाहू कोन टिकते."

पुढचं वर्षभर वस्तीची फुकट करमणूक झाली. बाबा भर चौकात श्रावणचं तोंड हुंगायचे आणि श्रावण बाबांचे खिसे तपासायचा. खर्रा सुटल्यावर बाबा इतके चिडके झाले की आम्ही माय-लेकी देवाला साकडं घालत नसलो तरी श्रावणला घालायचो, घेऊन जा यांना फिरायला. पावसाळ्यात श्रावण एकदा घसरला. लपला नाही. आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि खोकला. बाबांनी दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बस. मीबी काल खाल्ला." दोघं पायरीवर शेजारी शेजारी बसले. सत्यशीलानं दोघांना चहा दिला आणि कोणालाच रागावली नाही. मी असते तर दोघांच्या डोक्यावर ओतला असता.

त्यानंतर श्रावण प्याला नाही. तरीही पाचव्या शीलाला खोकायचाच. बाबा वैतागले. "आता तं पीत नाईस ना?"

"आजवर नाई पेलो, गुरुजी. पन शीलात 'पिनार नाई' म्हनाव लागते. उद्याचं कसं सांगू?"

शेवटी फाल्गुनात बाबांनीच हात टेकले. "खोक नाईतं म्हन, पन लग्न करून टाक बाप्पा. पोरगी म्हातारी होऊन राह्यली."

८७ च्या बुद्धपौर्णिमेला लग्न लागलं. त्या उन्हात सकाळपासून बाबांची नुसती धावपळ. मंडपवाला उशिरा आला, आचारी रुसला, वरातीसाठी सांगितलेली जीप राजुऱ्याला निघून गेली. तरी पंचशील मीच देणार, हा हट्ट. सत्यशीला पांढऱ्या साडीत, श्रावण पांढऱ्या सदऱ्यात, गिटार वारलूच्या मांडीवर. आणि सगळ्या मंडपाच्या मनात एकच प्रश्न, नवरदेव खोकतो की काय?

चार शीलं झाली. पाचव्यासाठी बाबांनी तोंड उघडलं. श्रावणकडे पाहिलं, सत्यशीलाकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि खोकले.

माझ्या लगेच लक्षात आलं. रुसलेल्या आचाऱ्याची समजूत घालायला बाबा मघाशी मंडपामागे गेले होते, आणि आचारी खर्रा घोटत बसला होता. पुढचा माणूसच थांबला, तर मागून म्हणणार काय? बाबांचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं उघडे ठेवलेले डोळे त्यांनी पहिल्यांदाच मिटून घेतले.

तेव्हा श्रावणनं एक पाऊल पुढे टाकलं, बाबांच्या शेजारी उभा राहिला आणि पाचवी ओळ म्हणाला. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, जाड्या, स्वच्छ आवाजात. सत्यशीला रडत होती आणि हसत होती. मग आम्ही सगळ्यांनी त्याच्या मागून ती ओळ म्हटली.

सगळ्यांनी म्हणजे जवळजवळ सगळ्यांनी. नेहमी झालर हलवणारा आवाज त्या दिवशी आला नाही, म्हणून मी मागे वळून पाहिलं. बापूराव कंत्राटदार खोकत होते.